सेनापतींचा आवाज

इन्चार्जसाहेबांचा आवाज ही काही साधीसुधी चीज नव्हती. हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत त्यांनी "चादरी" असं म्हटलं की दुसऱ्या मजल्यावर पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेला पेशंट दचकून जागा व्हायचा, असं ते स्वतःच सांगत. एकोणीस वर्षं ते त्या लॉन्ड्रीचे इन्चार्ज होते. धुलाईची सहा मोठी मशीन, चार ड्रायर, चादरी सरळ करणारा एक लांबलचक गरम रोलर, आणि या सगळ्यांची मिळून दिवसभर चालणारी घरघर. त्या घरघरीत एकदा सांगून कुणाला काही कळत नाही, म्हणून प्रत्येक हुकूम तीनदा द्यायचा हा त्यांचा शिरस्ता. "लहान मुलांच्या वॉर्डाच्या चादरी वेगळ्या. वेगळ्या ठेवा चादरी. लहान मुलांच्या, वेगळ्या." ही सवय इतकी अंगात मुरली की घरी जेवताना मीठ मागायचं झालं तरी ते तीनदाच मागत. बायकोने त्यावर केव्हाच उपाय शोधला होता. पहिल्यांदा ती ऐकायची नाही, दुसऱ्यांदा ऐकायची नाही, आणि तिसऱ्यांदा मीठ त्यांच्या पुढ्यात आपटून निघून जायची.

एकच गोष्ट ते न बोलता करत. ऑपरेशन थिएटरमधून हिरव्या कपड्यांचे गठ्ठे यायचे, त्यात कधी एखादी सुई राहिलेली असायची, कधी छोटी कात्री. नोकरीच्या पहिल्याच वर्षी घड्या घालणाऱ्या एका बाईच्या तळहातात अशी सुई घुसली होती. तेव्हापासून थिएटरचा गठ्ठा आधी साहेब सोडणार, जाड हातमोजे घालून, एकेक कपडा झटकून, आणि मगच तो बाकीच्यांच्या हाती जाणार. यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. बाकी सगळ्यात वाटायचं.

त्यांना एकच मुलगी. आठ महिन्यांपूर्वी ती नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. मालवाहू ट्रकांच्या फेऱ्या आखून देणारी कसलीशी कंपनी होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा तो आईला. मायलेकी तासभर बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे, पण हसण्याचे आवाज यायचे. मग शेवटी फोन साहेबांच्या हातात.

"काय म्हणतेस?"

"काही नाही, बाबा."

"तब्येत सांभाळ. नीट सांभाळ तब्येत. तब्येतीला..."

"बरं बाबा, ठेवते."

फोन बायकोला परत देताना साहेबांना वाईट वाटायचं. अगदी मनापासून वाईट वाटायचं. ज्या पोरीला सायकल शिकवताना ते गल्लीभर मागून धावले, जिच्या दहावीला त्यांनी स्वतः जागून भूमिती पाठ केली, तिच्याशी बोलायला आता त्यांच्याकडे तब्येतीशिवाय विषय नव्हता. आणि तब्येत ठणठणीत होती, म्हणजे तोही संपलेलाच.

अशात एकदा तीच म्हणाली, "बाबा, आम्ही काही जण रविवारी सकाळी दहाला ऑनलाइन खेळतो. आमच्यातला चौथा गळलाय. तुम्ही याल? बंदुकांचा खेळ आहे."

साहेबांनी आयुष्यात बंदूक जत्रेतल्या फुग्यांवरसुद्धा चालवली नव्हती. पण तिने मणी ओवायला बोलावलं असतं तरी ते सुई-दोरा घेऊन हजर झाले असते. त्याच संध्याकाळी ते हेडफोन घेऊन आले. तिच्या खोलीतला तिचा जुना कॉम्प्युटर पुसला, खुर्चीवर उशी ठेवली, आणि खेळातलं आपलं नाव काय ठेवायचं असं विचारल्यावर जराही न लाजता टाइप केलं: सेनापती. लेकीचं नाव होतं मुंगी.

उरलेल्या दोघांपैकी एक होत्या टीचर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एका खेड्यात एकट्या राहणाऱ्या, आणि नेम असा की समोरच्याला आपण मेलो हे कळायलाही वेळ लागावा. दुसरा डेंटिस्ट, लेकीच्या शहरातलाच. तिची अक्कलदाढ काढता काढता त्यांची ओळख झालेली. खेळ तसा सोपा. चार विरुद्ध चार. एक ओसाड कारखाना, त्यात जिने, बोळ, पाण्याची टाकी, मधोमध एक लोखंडी दार. समोरच्या चौघांना टिपायचं. एकदा मेलात की त्या डावापुरते मेलात. मग आपल्या जिवंत गड्यांच्या पडद्यावरून पुढचं बघत बसायचं. पाच डाव आधी जिंकेल त्याची मॅच.

पहिल्याच दिवशी साहेबांनी विचारलं, "आपला कॅप्टन कोण?"

कुणी काही बोललं नाही. खरं म्हणजे टीचर चहा आणायला गेल्या होत्या, डेंटिस्टचं नेट गेलं होतं, आणि लेक विचार करत होती. साहेबांनी या शांततेचा अर्थ एकमत असा घेतला आणि सूत्रं हाती घेतली.

"बाबा, या खेळात नेमापेक्षा कान महत्त्वाचा," लेकीने समजावलं. "भिंतीपलीकडे कोणी चाललं तरी पावलं ऐकू येतात. फक्त पावलं ऐकायची."

"पावलं ऐका," साहेबांनी लगेच हुकूम सोडला. "सगळ्यांनी पावलं ऐकायची. पावलांकडे लक्ष. ऐका सगळ्यांनी, पावलं. कुणाला ऐकू येतायत का पावलं?"

ती मॅच ते शून्य-पाच हरले. पुढच्या सहा रविवारीही हरले. साहेब अखंड बोलत. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, बघितलं का, का नाही बघितलं. कारखान्यातल्या जागांना त्यांनी हॉस्पिटलची नावं दिली. जिन्याला लेबर रूम, बोळाला एक्स-रे, टाकीला कॅन्टीन. "दोन गडी एक्स-रेतून लेबर रूमकडे निघालेत" असं ते ओरडले की टीचर बिचाऱ्या क्षणभर थबकायच्या आणि तेवढ्यात टिपल्या जायच्या. आणि साहेबांचं स्वतःचं म्हणाल तर प्रत्येक डावात लोखंडी दारातून आत घुसणारे पहिले तेच. आत घुसायचे आणि मरायचे. मग मेल्या मेल्या पुढचे हुकूम द्यायचे.

आठव्या रविवारी मात्र चमत्कार झाला. ते जिंकले. नवव्या रविवारीही जिंकले. मग जिंकतच सुटले. कुठल्याशा स्पर्धेत नाव घातलं, तिथेही जिंकले. साहेबांना कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आठव्या रविवारच्या आधी त्यांनी लॉन्ड्रीच्या पावत्यांच्या पाठीमागे कारखान्याचा नकाशा काढून, त्यावर बाण मारून, तो सगळ्यांना पाठवला होता. झालं, त्याचाच हा परिणाम. मुख्य म्हणजे टीमला शिस्त लागली होती. पूर्वी सगळे मध्येच म्हणायचे, "कॅप्टन, जरा थांबा," "बाबा, एक मिनिट." आता साहेब बोलत असताना त्यांना कुणी अडवत नव्हतं.

मॅच संपली की मात्र सगळे मोकळेपणी गप्पा मारत. दहा मिनिटं, कधी पंधरा. लेक म्हणायची, "बाबा, आज भारी गेलात तुम्ही आत," आणि साहेबांना पुढचा आठवडा पुरायचा. त्या पंधरा मिनिटांसाठीच तर सगळं चाललं होतं. तब्येत सोडून त्यांच्यात एक विषय निघाला होता. रविवार गेला की ते पुढच्या रविवारची वाट बघायला लागत, आणि यात आपल्याला लाज वाटायला हवी का, हा विचार त्यांनी केला नव्हता.

बोलायची हौस दांडगी, त्यामुळे ही विजयगाथा हॉस्पिटलभर झाली. लिफ्टमन, औषधांच्या खिडकीवरची मुलगी, अंगात ताप घेऊन आलेले पेशंटही त्यातून सुटले नाहीत. शेवटी प्रशासक मॅडमनी त्यांना गाठलं. सगळ्या विभागप्रमुखांची बैठक शुक्रवारी होती. त्यात त्यांनी नेतृत्व आणि टीमवर्क यावर दहा मिनिटं बोलावं, असं ठरलं.

साहेब चाळीस मिनिटं बोलले.

"आदेश स्पष्ट हवा," ते म्हणाले. "स्पष्ट हवा आदेश. माझ्या टीममध्ये एक निवृत्त शिक्षिका आहे, एक डॉक्टर आहे, माझी मुलगी आहे. तिघंही हुशार. पण मी बोलतो तेव्हा एकही जण उलट उत्तर देत नाही. हा धाक नव्हे. हा विश्वास आहे."

टाळ्या पडल्या. एक्स-रे विभागाच्या प्रमुखांनी तर वहीत काहीतरी लिहूनही घेतलं. प्रशासक मॅडमनी एक छोटं रोप कुंडीसकट दिलं, ते साहेबांनी घरी आणून कॉम्प्युटरशेजारी ठेवलं.

रविवारी सेमीफायनल होती.

तिसऱ्या डावात साहेब नेहमीप्रमाणे आत घुसले आणि नेहमीप्रमाणे पहिले मेले. मेल्यावर लेकीच्या पडद्यावरून बघत ते सांगायला लागले, "मुंगी, कॅन्टीनमागे. कॅन्टीनच्या मागे बघ. मागे..." तेवढ्यात त्यांच्या कानात टीचरांचा आवाज आला.

"अगं, आज सेमीफायनल आहे. आज तरी कॅप्टनना चालू करायचं का? त्यांना काही दिसत असेल तर?"

"नको टीचर," लेक म्हणाली. "बाबा म्यूटच बरे. मॅच सुरू झाली की करायचे, संपली की काढायचे. दोन महिने किती छान चाललंय."

साहेबांचं वाक्य "मागे"वरच लटकलं.

"मला ना अपराधी वाटतं," डेंटिस्ट म्हणाला. "माझ्या खुर्चीतल्या पेशंटलाही बोलता येत नाही, पण निदान त्याला ते माहीत असतं. सांगून टाक ना त्यांना."

"सांगितलं तर ते बोलणं थांबवणार नाहीत. खेळणं थांबवतील. मग रविवार पण गेला." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "श्श. पावलं. टाकीमागे दोघं."

धाड, धाड. दोघं पडले.

"मी ऐकतोय," साहेब म्हणाले. "ऐकतोय मी. मला ऐकू येतंय सगळं." तीनदा सांगून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण हे भिंतीला सांगतोय. भिंतीलाही नाही, कुंडीतल्या रोपाला.

मॅच जिंकली. बारीकसा टिंग आवाज आला, तो साहेब दोन महिने ऐकत होते आणि त्यांना तो विजयाचा वाटायचा. आता कळलं, तो म्यूट काढल्याचा होता.

"बाबा, फायनलला गेलो आपण. तुम्ही भारी होता आज."

"हं," साहेब म्हणाले, आणि कॉम्प्युटर बंद केला.

दोन महिने. त्यांनी बसून हिशोब मांडला. दोन महिने आपण कुणालाही ऐकू न जाता ओरडत होतो. उत्तर येत नाही याचा संशय आला नाही, कारण उत्तराची वाट बघायची सवयच नाही. आणि त्याच्यावर भाषण. विश्वास म्हणे. एक्स-रेवाल्याने ते लिहून घेतलं होतं. साहेबांना स्वतःचीच इतकी कीव आली आणि त्याच वेळी इतकं हसू आलं की दोन्ही घशात अडकून ठसका लागला. आतून मात्र पोरीचं एकच वाक्य टोचत राहिलं. म्यूटच बरे.

बायको पाणी घेऊन आली. त्यांनी तिला सगळं सांगितलं, एकदाच.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मी अठ्ठावीस वर्षं हेच करतेय, तेही बटण नसताना."

सोमवारी साहेबांनी लॉन्ड्रीत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. बघू म्हटलं, काय गोंधळ होतो ते. आपल्यावाचून अडलं की सगळ्यांना किंमत कळेल, आणि मग लेकीलाही फोनवर सांगता येईल की बघ, इथे माझ्या आवाजावर सगळं चालतं.

काहीही अडलं नाही. मशीन भरली गेली, रिकामी झाली. लहान मुलांच्या चादरी आपोआप वेगळ्या झाल्या. रोलरच्या एका टोकाची बाई हाताची दोन बोटं वर करायची, दुसऱ्या टोकाची मान हलवायची, चादर सुळकन आत जायची. अभ्र्यांची ट्रॉली कमी पडली तर कुणीतरी टेबलावर थाप मारायचं आणि ट्रॉली यायची. साहेब एकोणीस वर्षं तिथे उभे होते आणि ही बोटं त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली. दुपारपर्यंत नेहमीपेक्षा दोन गठ्ठे जास्तच निघाले, हे तर जखमेवर मीठच.

चहाच्या वेळी मशीन थांबली तेव्हा घड्या घालणाऱ्या मावशी त्यांच्याजवळ आल्या. लॉन्ड्रीतल्या सगळ्यात जुन्या त्याच.

"साहेब, बरं नाही का? आज तोंड हलत नाही तुमचं."

"मावशी, खरं सांगा. मी ओरडतो ते तुम्हाला ऐकू जातं?"

मावशींनी कानात बोट घातलं आणि कापसाचा बोळा काढून दाखवला. मग दुसऱ्या कानातला.

"सगळ्यांच्याच आहेत," त्या म्हणाल्या. "मशीनचा आवाज सोसत नाही हो. तुमचं तोंड हललं की आम्ही माना हलवतो. तुम्हाला बरं वाटतं."

"एकोणीस वर्षं?"

"मला सोळाच झाली. आधीचं ठाऊक नाही." मावशींनी बोळे परत कानात घातले आणि जाता जाता मोठ्याने म्हणाल्या, कारण आता त्यांना स्वतःचंच ऐकू येत नव्हतं, "थिएटरचा गठ्ठा तेवढा सोडून द्या, साहेब. तुम्ही सोडल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही."

साहेबांनी गठ्ठा सोडला. पण मावशी काय म्हणाल्या याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. घरी कानाडोळा, कामावर बोळे, आणि खेळात तर म्यूट. त्या आठवड्यात लेकीचा फोन आला की ते बाथरूममध्ये जाऊन बसत. बायको दारावर टकटक करायची, ते नळ सोडायचे.

रुसले होते, दुसरं काय. पन्नाशीचा माणूस पोरीवर रुसून बाथरूममध्ये नळ सोडून बसतो, हे पुढे ते स्वतःच लोकांना रंगवून सांगत. पण तेव्हा ते रुसणं खरं होतं.

रविवारी फायनल. दहाच्या ठोक्याला ते हेडफोन लावून बसले. मनाशी पक्कं केलं होतं. मी बोललेलं नको ना? नाहीच बोलत. आणि पुढे घुसून मरतोय कशाला? मूर्खासारखा दर वेळी पहिला मरणारा मीच. आज जपून खेळतो. शेवटपर्यंत जिवंत राहतो. मग कळेल कॅप्टन काय असतो.

पहिला डाव सुरू झाला. साहेब थेट पाण्याच्या टाकीमागे गेले आणि तिथेच उभे राहिले.

लोखंडी दाराशी तिघं जाऊन थांबली. कुणीच आत जाईना.

"बाबा कुठायत?" लेकीचा आवाज आला.

"टाकीमागे," डेंटिस्ट म्हणाला. "नुसते उभे आहेत."

"कॉम्प्युटर अडकला असेल त्यांचा," टीचर म्हणाल्या. "थांबू या क्षणभर."

तिघं क्षणभर थांबली आणि मागच्या बोळातून समोरच्यांनी येऊन तिघांनाही टिपलं. मग साहेब एकटे उरले. शेवटपर्यंत जिवंत राहायचं ते राहिले, साधारण चार सेकंद.

दुसऱ्या डावातही तेच. तिसऱ्यात डेंटिस्ट हिंमत करून आत घुसला, पण मध्येच मागे वळला, आणि दारातच गेला. चौथ्यात टीचरांचा नेम पहिल्यांदाच चुकला. पाचव्यात कुणी काही करायच्या आधीच सगळं आटोपलं. शून्य-पाच. अकरा मिनिटांत फायनल संपली. पहिल्या दिवशी हरले होते त्यापेक्षाही लवकर.

टिंग.

"बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "आज तुम्ही मेला का नाहीत?"

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय?"

"तुम्ही दर वेळी आधी जाता. दारातून. आज का नाही गेलात? आम्ही तिघं दारात ताटकळत उभे."

"मी गेलो की मरतो गं. दर वेळी मरतो."

"हो, पण कुठून मरता ते दिसतं ना," डेंटिस्ट मध्ये पडला. "म्हणजे, कॅप्टन, गैरसमज नको. गोळ्या कुठून आल्या ते बघायचं, आणि मग आम्ही. आमची सगळी आखणीच तशी आहे."

"म्हणजे मी आमिष."

"छे हो," टीचर म्हणाल्या. भूगोलाच्या तासाला नकाशा उलटा धरणाऱ्या मुलाशी बोलावं तशा त्या बोलत होत्या. "आमिष दुसरा कुणी लावतो. तुम्ही स्वतःच जाता. पहिल्या दिवसापासून. मी मघाशी त्या दारासमोर उभी होते आणि माझं पाऊलच उचलेना. तुम्ही आत गेलात की मला भीती वाटत नाही, एवढं मला आज कळलं."

साहेबांचं एक मन म्हणत होतं, यावर खूश व्हावं. दुसरं म्हणत होतं, अजून रुसणं बाकी आहे, एवढ्यात कसं सोडायचं. दुसऱ्या मनाचं त्यांनी ऐकलं.

"गेल्या रविवारी मला ऐकू आलं," ते म्हणाले. "मी मेल्यानंतर. म्यूटचं. सगळं ऐकू आलं."



"माझं दूध उतू जातंय वाटतं," टीचर म्हणाल्या आणि गेल्या.

"माझा पेशंट आलाय," डेंटिस्ट म्हणाला. रविवारी त्याचा दवाखाना बंद असतो हे सगळ्यांना माहीत होतं. तोही गेला.

उरले बापलेक.

साहेबांकडे आठवडाभराचं भाषण तयार होतं. एकवीस मुद्दे होते. बाथरूममध्ये बसून, नळाच्या धारेच्या आवाजात त्यांनी ते घोटले होते. तुला सायकल कुणी शिकवली इथपासून सुरुवात होती. त्यांनी घसा खाकरला.

"सॉरी बाबा," लेक म्हणाली. "मला तुम्हाला बंद नव्हतं करायचं. म्हणजे करायचं होतं, पण असं नाही. तुम्ही बोलायला लागता आणि मग बोलतच राहता. मी काही सांगेन म्हणते तोवर तुमचं तिसऱ्यांदा चालू असतं. फोनवर पण तसंच. मग मी म्हणते, जाऊ दे."

"काय सांगणार होतीस?"

"काही नाही."

"नाही, काय सांगणार होतीस? सांग ना. काय ते सांग..." तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी साहेबांनी स्वतःची जीभ दातात धरली, खरोखरच धरली. हेडफोनच्या वायरवर एक छोटं बटण होतं. इतके महिने ते कशासाठी आहे हे त्यांनी विचारलं नव्हतं, पण आता अंदाज आला.

"हे बघ," ते म्हणाले. "मीच मला म्यूट करतो. तू बोल."

आणि त्यांनी बटण दाबलं.

मग ती बोलायला लागली. सुरुवातीला इकडचं तिकडचं. मग म्हणाली की तिला तीन महिन्यांपूर्वी ऑफिसात बढती मिळाली. सहा जणांची टीम तिच्या हाताखाली आली. हे साहेबांना माहीत नव्हतं. त्यांच्या तोंडात "शाब्बास" आलं, ते बटणाआड राहिलं. बरं झालं राहिलं, कारण पुढचं वेगळंच होतं. ते सहा जण तिच्याशी बोलत नाहीत. समोर माना हलवतात. तिने एक गोष्ट तीन-तीनदा सांगितली तरी होत नाही, आणि मग ती स्वतःच बसून करते. मंगळवारी तिला कळलं की त्या सहा जणांनी फोनवर आपला वेगळा ग्रुप केलाय, तिला वगळून. सगळं काम तिथेच ठरतं. जेवायलाही तिथेच ठरवून जातात. ती डबा घेऊन जिन्यात बसते.

"मी तुमच्यासारखीच आहे बाबा," ती म्हणाली. "सारखी बोलते. मला ऐकू येतं माझं मला, आणि थांबता येत नाही."

साहेबांनी डोळे पुसले. आपल्या पोरीला कुणीतरी जिन्यात बसवलंय. त्यांना त्या सहाही जणांना एका गठ्ठ्यात बांधून गरम पाण्याच्या मशीनमध्ये टाकावंसं वाटलं. आणि त्यांना हेही कळत होतं की हा आजार तिला कुठल्या घरातून लागलाय.

दारात बायको येऊन उभी राहिली. नवरा कानाला हेडफोन लावून गप्प बसलाय, डोळ्यांत पाणी आहे, हे पाहून तिने घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. साहेबांनी दोन बोटं वर करून तिला थांब म्हणून खुणावलं आणि मग जा म्हणून. आश्चर्य म्हणजे तिला ते कळलं. ती पाऊल न वाजवता गेली.

"बाबा, आहात ना?"

त्यांनी बटण दाबलं. "आहे." परत दाबलं.

"मला उद्या जावंसंच वाटत नाहीये. दारातून आत पाय टाकायचा म्हटला की मी दाराशीच उभी राहते. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?"

पोरीने विचारलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने आपणहून विचारलं होतं, आणि साहेबांकडे उत्तरं रांग लावून उभी होती. तुझ्या साहेबांना भेट. त्या सहा जणांना एकेकटं गाठ. लेखी घे सगळं. नाही जमलं तर घरी निघून ये, मी घ्यायला येतो, आत्ता निघतो. सगळी जिभेच्या टोकावर आली होती. अंगठा बटणावर ठेवून त्यांनी ती एकेक करून गिळली. त्याला बराच वेळ लागला. पलीकडे ती वाट बघत होती.

मग त्यांनी बटण दाबलं.

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "पुढे सांग."

आणि परत दाबलं. तिने नाक ओढलं, खुर्ची जवळ घेतल्याचा आवाज आला.

"हे आईला अजून सांगितलेलं नाही," ती म्हणाली, आणि मंगळवारपासून सगळं नीट सांगायला लागली.